धाराऊचें लेकरूं

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना जेथें भोरचा फांटा फुटतो, तें गांव कापूरहोळ. आमच्या शाळेंतील भोर व वेल्हे भागांतलीं मुलें सुटीस घरीं जातांना आणि सुटी संपल्यावर परततांना येथूनच जातात. या गांवच्या धाराऊ गाडे नांवाच्या बाईनें राजघराण्यांतील एका बाळास आपलें दूध पाजून वाढविलें. तें बाळ म्हणजे छत्रपति संभाजी महाराज. त्यांच्या पराक्रमाच्या कथा आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहेत. परंतु त्यांच्या बाळपणाकडे कोणी फारसें पाहत नाहीं, म्हणून आज त्याविषयींच चार शब्द लिहावयाचे योजिलें आहे.

संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदर किल्ल्यावर झाला. मातोश्री सईबाईसाहेब यांची प्रकृति बाळंतपणानंतर ढासळली, बाळास दूध पुरेना, तेव्हां धाराऊची नेमणूक झाली. पुढें ५ सप्टेंबर १६५९ रोजीं सईबाईसाहेब राजगडावर वारल्या. वेल्हे भागांतील तो गड आमच्या मुलांनीं अनेक वेळां चढला आहे. पद्मावती माचीवर सईबाईसाहेबांची समाधि दाखवितात, तेथें पुढच्या खेपेस क्षणभर उभें राहावें. त्या वेळीं अफजलखान स्वराज्यावर चालून आला होता आणि शिवाजी महाराज प्रतापगडाच्या बाजूस त्या संकटाच्या तयारींत गढलेले होते. सवादोन वर्षांच्या लेकरास आई कायमची अंतरली आणि वडील जवळ नव्हते. आजी जिजाबाईसाहेबांनीं त्यास पोटाशीं धरिलें.

जून १६६५ मध्यें पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले मोंगलांस द्यावे लागले व ते हवालीं होईपर्यंत संभाजीराजांस ओलीस म्हणून मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणींत पाठविण्यांत आलें. तेव्हां त्यांस नुकतेंच नववें वर्ष लागलें होतें. पुढच्याच वर्षीं ते वडिलांबरोबर आग्र्यास गेले. ऑगस्ट १६६६ मध्यें तेथून सुटका झाल्यावर महाराजांनीं मुलास मथुरेंत मोरोपंत पिंगळ्यांच्या आप्तांच्या घरीं ठेविलें व स्वतः वेष पालटून दक्षिणेची वाट धरिली. शत्रूस संशय येऊं नये म्हणून मुलगा वाटेंत वारल्याची आवई उठविली, असें बखरकार सांगतात. पुढें कांहीं काळानें राजे सुखरूप घरीं पोंचले.

यांत महाराजांनीं मुलाचा त्याग केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. मूल बरोबर घेऊन पळतां येत नव्हतें, आणि त्याचा जीव वांचविण्याचा दुसरा मार्गही नव्हता. पण हीं कारणें मोठ्या माणसांचीं. परक्या प्रांतांत, परक्या घरांत रात्रीं डोळे मिटून पडलेल्या नऊ वर्षांच्या पोरास तीं कितपत उमजलीं असतील? दर जूनमध्यें लोखंडी पेटी घेऊन आमच्या वसतिगृहांत येणारीं लहान मुलें पहिल्या आठवड्यांत कशीं गप्प होतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास या प्रश्नाचें उत्तर सांगावें लागणार नाहीं.

६ जून १६७४ रोजीं महाराजांस राज्याभिषेक झाला व संभाजीराजे युवराज झाले. पण अकरा दिवसांनींच, १७ जूनला, जिजाबाईसाहेब निवर्तल्या. ज्या मांडीवर ते वाढले तीही गेली. सावत्र मातोश्री सोयराबाईसाहेब व कांहीं प्रधान यांच्याशीं त्यांचें जमेना. महाराज कर्नाटकच्या मोठ्या स्वारीस निघाले तेव्हां युवराजांस बरोबर न नेतां कोंकणांतील शृंगारपुरास ठेवण्यांत आलें. वयांत आलेल्या मुलास कामगिरीवर सोबत न नेतां मागें ठेविलें म्हणजे त्याच्या मनांत काय काय उभें राहतें, याचा विचार पालकांनींही करून पाहावा.

राजांस विद्येचा नाद लहानपणापासूनचा. शृंगारपुरास कवि कलशासारख्या पंडितांच्या सहवासांत तो अधिकच वाढला. नायिकाभेद, नखशिख व सातसतक हे त्यांचे ग्रंथ ब्रज भाषेंत आहेत. परंतु आपल्या विषयाशीं ज्याचा निकट संबंध, तो बुधभूषण हा संस्कृत ग्रंथ. त्याचे तीन अध्याय असून राजनीतीचा पुष्कळसा भाग प्राचीन ग्रंथांतून निवडलेला आहे. मन मोकळें करावयास लेखणीसारखें साधन नाहीं, आणि गाऱ्हाणें मांडावयास राजांजवळ कारणेंही होतीं. तरी पहिल्याच अध्यायांत त्यांनीं काय लिहिलें? आजोबा शहाजीराजे व वडील शिवाजी महाराज यांची स्तुति! ज्या पित्यानें आपणांस दूर ठेविलें, तो सर्व राजांत कसा शोभून दिसतो, हें त्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगितलें आहे.

म्हणून घाव पुरता भरून निघाला असें मात्र कोणीं समजूं नये. डिसेंबर १६७८ मध्यें राजे दिलेरखानास जाऊन मिळाले. एप्रिल १६७९ मध्यें भूपाळगड पडला व खानानें तेथील सातशे कैद्यांचे हात तोडविले. मोंगली छावणींत असलेल्या राजांस आपल्याच माणसांची ही दशा पाहावी लागली. पुढें अथणीच्या प्रजेवरही जुलूम झाला, तेव्हां ते निसटून त्याच वर्षाच्या अखेरीस पन्हाळ्यास परतले. जानेवारी १६८० मध्यें महाराज स्वतः तेथें गेले. शत्रूकडे गेलेल्या मुलास त्यांनीं देहदंड दिला नाहीं. त्याची समजूत घातली व त्यास पन्हाळ्यावर ठेविलें. बापलेकांची तीच अखेरची भेट, कारण ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज रायगडावर निवर्तले आणि राजे त्या वेळीं पन्हाळ्यावरच होते.

सोयराबाईसाहेबांचे चिरंजीव राजाराम यांस गादीवर बसविण्याचा घाट फसला व जूनमध्यें संभाजीराजांनीं रायगड ताब्यांत घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, ऑगस्टांत, बाकरेशास्त्र्यांस दिलेल्या संस्कृत दानपत्रांत त्यांनीं या सावत्र मातोश्रींचें अंतःकरण स्फटिकासारखें निर्मळ असल्याचें लिहविलें. प्रतिकूल प्रधानांस प्रथम कैद करून नंतर मोकळें केलें व पुन्हां कामें दिलीं.

तथापि १६८१ मध्यें राजांवर विषप्रयोगाचा कट उघडकीस आला. या वेळीं मात्र क्षमा झाली नाहीं. अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस प्रभृतींस देहान्त शासन झालें, आणि त्याच वर्षीं सोयराबाईसाहेबही वारल्या. हा भाग वगळून राजांचें चरित्र गोड करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु हेंही सांगितलें पाहिजे कीं, अकरा वर्षांच्या राजारामांस त्यांनीं इजा होऊं दिली नाहीं. बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ त्यांच्या सेवेंत राहिले व पुढें स्वराज्याचे एकनिष्ठ सेवक म्हणून नांवाजले. धाराऊचे पुत्र अंतोजी व रायाजी गाडे हेही राजांच्या पदरीं होते. दूधआईचा ऋणानुबंध त्यांनीं तुटूं दिला नाहीं.

११ मार्च १६८९ रोजीं औरंगजेबाच्या आज्ञेनें संभाजी महाराजांचा वध झाला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें. बुधभूषण पुढें दोनशेंहून अधिक वर्षें हस्तलिखितांतच राहिला आणि १९२६ मध्यें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें तो छापून प्रसिद्ध केला. वरच्या वर्गांतील संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांस त्यांतील पित्याच्या स्तुतीचे श्लोक शिक्षकांच्या थोड्या साह्यानें सहज लागतील.