बिनमडगार्डची बुगाटी

माझे मामेसासरे ठाण्याला मानपाड्यात राहतात. त्यांच्या शेडमध्ये एक जुनी एमजी टीसी आहे. १९४७ सालची, इंग्लंडमधली, दोनच माणसांची उघडी स्पोर्ट्स गाडी. कारखान्यातून निघाली तशी ती पुन्हा करायची, हा मामांचा ध्यास. मधल्या मालकांनी तिला काय काय डकवलं होतं! फुलीचे स्क्रूसुद्धा. त्या काळी या गाडीला एका खाचेचे स्क्रू असत, म्हणून मामा भंगारवाल्यांकडे डबेच्या डबे उपसत बसतात आणि इकडे मामींच्या पोळ्या गार होतात.

स्क्रूची खाच कोण बघणार आहे, असं मी एकदा विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही, जेआरडी टाटांची गोष्ट सुरू केली.

जेआरडी म्हटलं की आपल्यासमोर येतात ते पिकल्या केसांचे, भारतरत्न मिळालेले उद्योगपती. विशीतले जेआरडी वेगळेच होते बरं का! २९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये जन्म. आई सुझान फ्रेंच, लग्नानंतर ती सूनी झाली. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून तिचंच नाव घेतात. १९२३ मध्ये ती गेली आणि १९२६ मध्ये वडीलही. बाविशीच्या पोरावर घरची आणि टाटा सन्समधली जबाबदारी येऊन पडली.

या पोराकडे निळी बुगाटी होती. तिला टप नाही, मडगार्ड नाहीत. पावसात आत बसणाऱ्याचं काय होत असेल, विचार करा! मुंबईच्या रस्त्यांवर ती सुसाट जायची. पुढे एका अपघाताचं प्रकरण अंगावर आलं तेव्हा जॅक विकाजी हे नामांकित वकील गाठावे लागले. तिथे त्यांची पुतणी थेल्मा भेटली आणि १९३० मध्ये जेआरडींनी तिच्याशी लग्न केलं. आमच्याकडे स्थळं पत्रिकेतून यायची!

आज बुगाटी जुनी मिळाली तर जगभरचे शौकीन इंजिनावरचे नंबरसुद्धा जुळवून पाहतात. घोड्याच्या नालेसारखी पुढची जाळी, फ्रान्सचा तो निळा रंग, सगळं मूळचं हवं. मग मी मामांना कोंडीत पकडलं. जेआरडींची गाडी दुरुस्तीला आली तर तिला मडगार्ड लावाल की नाही? मामा बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, नाही लावणार. कारखान्याने दिलं ते जसं खरं, तसं मालकाने जगून घेतलं तेही खरं. मला हे काही पटलं नाही. मग मधल्या मालकांच्या फुलीच्या स्क्रूंनी काय घोडं मारलंय?

बारकाव्यांचं वेड मात्र जेआरडींनाही होतं. १९२९ मध्ये भारतात मिळालेला पहिला वैमानिक परवाना त्यांचा. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते पस मॉथ नावाच्या चिमुकल्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, ते भरून मग जुहूला उतरले. पुढे १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष असताना विमानातले पडदे, काउंटरवरची धूळ यांवर ते चिठ्ठ्या लिहीत. चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, हेसुद्धा त्यांनी लिहून विचारलं होतं. असा सासरा घरात असता तर आपली काही धडगत नव्हती.

आणि मामांचा सगळ्यात लाडका प्रसंग १९८२ चा. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जेआरडी पुन्हा कराचीहून जुहूला आले, तेही त्याच जमान्यातलं लेपर्ड मॉथ विमान चालवत. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले, त्याच्या अकरा वर्षं आधीची ही गोष्ट.

मामांच्या गाडीचं आता एकच भांडण उरलं होतं. टीसीमध्ये चालवणाऱ्यासमोर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असतो, वेगाचा काटा असतो तो शेजारी बसणाऱ्यासमोर. कुण्या मालकाने दोन्हींची अदलाबदल केली होती. सोयीचं आहे, राहू द्या, असं मेकॅनिकचं म्हणणं आणि का कोण जाणे, मामाही डळमळले. मामी मात्र हटल्या नाहीत. एवढे खाचेचे स्क्रू शोधलेत ना, मग माझा काटाही माझ्यासमोर हवा, म्हणाल्या.

मागच्या रविवारी गाडी घोडबंदर रस्त्याला लागली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मामा ऐटीत चक्र धरून बसले होते आणि शेजारी मामी, पदर खोचून, नजर काट्यावर.