दुष्काळ आणि आशा : पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेचा प्रवास

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राचा विचार बहुधा दोन अंगांनी होतो : स्त्रियांच्या उद्धारासाठी झटणाऱ्या सुधारक आणि धर्मांतरामुळे वादाचा विषय ठरलेल्या विदुषी. या दोन्ही अंगांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न त्या मानाने कमी चर्चिला जातो. आई-वडील, भावंडे, पती आणि अखेरीस एकुलती कन्या यांचे मृत्यू पाहिलेल्या या स्त्रीने ईश्वराच्या चांगुलपणावर विश्वास ठेवला तो कोणत्या आधारावर? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या एखाद्या सिद्धान्तात सापडत नाही. ते त्यांच्या जीवनक्रमातच शोधावे लागते.

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवादाची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि लक्ष्मीबाईंनी ते ज्ञान मुलीला दिले. रमाबाई तान्ह्या असतानाच कुटुंबाने ते घर सोडले. गावोगावच्या देवळांतून पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम होता. व्रते, उपवास आणि तीर्थयात्रा यांनी देव प्रसन्न होतो व भक्ताचा योगक्षेम चालवितो, ही या जीवनाची बैठक होती.

१८७० च्या दशकातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळाने ही बैठकच उखडली. होते नव्हते ते विकून झाले, अनुष्ठानेही करून झाली. रानातली पाने खाण्याची वेळ आली, तेव्हा वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. मुलाने मोलमजुरी पत्करण्याची तयारी दाखविल्यावर तो बेत मागे पडला. परंतु वडील वाचले नाहीत. पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. रुग्ण आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून लाजेने शब्द फुटला नव्हता. हा प्रसंग त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. मरणापूर्वी वडिलांनी त्यांना ईश्वराच्या हाती सोपविले होते आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्यास सांगितले होते. ज्या देवाने हाक ऐकली नाही असे वाटत होते, त्याच्याच हाती सोपविले जाणे, हा विरोध पुढे त्यांच्या साऱ्या चिंतनाच्या पायाशी राहिला.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाधी दिल्या. हा गौरव झाला तेव्हा पारंपरिक श्रद्धा मात्र आतून ढासळत होती. शास्त्रवाचन जसजसे वाढले तसतसे स्त्रिया व शूद्र यांना मोक्षाचा मार्गच खुला नाही, हे त्यांना अधिक जाणवू लागले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधने झुगारून नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पतीचा पटकीने मृत्यू झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच त्यांचे माहेर आणि संसार दोन्ही संपले होते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीती’ प्रसिद्ध केली. वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. परंतु बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. वॉण्टेज येथील जोगिणींच्या मठात राहत असताना दोन घटना घडल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. दुसरीकडे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना या जोगिणी मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. या मायेचे मूळ विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेल्या संभाषणाची कथा दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक बाब ध्यानी घेणे अगत्याचे आहे. जगातील दुःखाची उकल झाली म्हणून रमाबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. टाकलेल्यांना जवळ करणारा ईश्वर त्यांना भावला, म्हणून त्या त्या मार्गाला लागल्या. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्यांनी इंग्लंडमधील आपल्या गुरूंशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला आणि कोणाच्याही अधिकाराखाली आपली विवेकबुद्धी गहाण ठेवली नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. धर्म स्वीकारला तरी ख्रिस्त गवसला नव्हता, अशी जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. तेव्हापासून त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप पालटले. पुण्याची जमा दाखवून देवाकडून रक्षण मिळविण्याचा व्यवहार संपला. काहीही न देता येणाऱ्यानेही ज्याच्यावर भार टाकावा, अशा पित्यावरचा विश्वास तेथे आला.

दरम्यान अमेरिकेतून साहाय्य मिळवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. विधवा मुली त्यांच्या खासगी प्रार्थनेस बसू लागल्याने १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून दूर झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथील उपासमारीने त्यांना स्वतःचे तरुणपण आठवले. तीच भूक, तोच रस्ता, तीच असहाय मुलगी! फरक एवढाच की या वेळी मुलीला उचलून नेणारे कोणी होते आणि ते कोणी म्हणजे स्वतः रमाबाई. शेकडो मुली व विधवा घेऊन त्या केडगावला आल्या. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पैशाची निश्चित तरतूद नसे, आणि तरीही विहिरी खणल्या जात, शेती होई, माग चालत, छापखाना चाले. ईश्वरावर भार टाकणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, हे या कामातून दिसते. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी दैना त्यांनी वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली, आणि ख्रिस्ती राज्यकर्त्यांचीही गय केली नाही. दैवाधीन मानून अन्याय सोसणे त्यांच्या आशेत बसत नव्हते.

या कार्यावरील आक्षेपही नोंदविला पाहिजे. भुकेलेल्या मुलींना आश्रय देऊन धर्म दिला गेला, असा तो आक्षेप आहे. आश्रय आणि धर्मप्रसार यांची सरमिसळ केडगावी होती, हे नाकारता येत नाही. आई-वडिलांच्या भक्तीची त्यांनी केलेली चिकित्साही काहीशी कठोर वाटते. परंतु ज्या भक्तीने स्वतःच्या घरची माणसे उपाशी मेली, तिच्याविषयी बोलणाऱ्या मुलीचा तो स्वर आहे, हे विसरता कामा नये.

उत्तरायुष्याची सुमारे दोन दशके त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून, संस्कृतची एवढी विद्वत्ता असताना, त्यांनी साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा निवडली. छपाईचे काम मुक्तीतील मुली-बायकांनीच केले. भाषेची ही निवडही त्यांच्या श्रद्धेचाच भाग होती. आशा पंडितांपुरती राहिली तर ती आशा नव्हे, असा तिचा आशय आहे.

१९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. संस्थेचा भार जिच्या खांद्यावर द्यावयाचा तीच गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दुःख का आहे, याचे उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिले नाही. भुकेल्याला भाकरी आणि निरक्षराला शब्द देत असतानाच ईश्वराचे चांगुलपण जाणवते, एवढी साक्ष मात्र त्यांच्या आयुष्याने ठेवली. एकेकाळी भाकरी मागताना वाचा बसलेल्या मुलीची ही साक्ष असल्याने ती सहज बाजूला सारता येत नाही.