दादाभाईंचे वीस रुपये

राज्य बदलले; पण रयत सुखी झाली काय? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला इंग्रज अधिकाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे. पेंढाऱ्यांचा उपद्रव संपला, न्यायालये आली, आगगाडी धावू लागली, व्यापार वाढला. भारताच्या नैतिक व भौतिक प्रगतीचा अहवाल तर दरवर्षी पार्लमेंटपुढे ठेवला जाई. या अहवालांत सारे काही होते; सामान्य माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी किती येते, एवढे मात्र नव्हते. ती उणीव भरून काढली दादाभाई नौरोजी यांनी.

४ सप्टेंबर १८२५ रोजी जन्मलेले दादाभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८५५ मध्ये ते व्यापारानिमित्त विलायतेस गेले, तरी त्यांच्यातला गणिती सुटला नाही. देशाचे धन बाहेर वाहून जाते, ही तक्रार तशी जुनीच. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी पत्रातून ती मांडली होती. दादाभाईंनी तक्रारीचा हिशेब केला.

अडचण अशी, की आधीच्या राजवटीतील दरडोई उत्पन्नाचे आकडेच उपलब्ध नव्हते. मग तुलना करायची कशाशी? त्यांनी सरकारी कागदपत्रांतूनच प्रांतवार लागवडीचे क्षेत्र, मुख्य पिकांचा एकरी उतारा आणि बाजारभाव घेतले. बियाणे वजा केले. मीठ, कोळसा, कारागिरी, दूधदुभते, मासळी यांसाठी भर घातली आणि वर चुकभूल म्हणून आणखी मोठी रक्कम धरली. १८६७ ते १८७० या काळासाठी सुमारे १७ कोटी लोकसंख्येमागे आकडा निघाला माणशी २० रुपये. मग त्यांनी हा आकडा तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशेजारी ठेवला. मुंबई इलाख्यात माणशी उत्पन्न सुमारे २२ रुपये, तर कैद्यावरील खर्च ४७ रुपयांच्या आसपास! सरकारने स्वतःच ठरविलेल्या किमान गरजेपेक्षा स्वतंत्र शेतकऱ्याचे उत्पन्न कमी होते. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हा निबंध वाचला गेला.

इंडिया ऑफिसने आक्षेप घेतले. रेल्वे आणि व्यापारातून निर्माण होणारी संपत्ती दादाभाईंनी धरली नाही, असा त्यांतील एक मुद्दा होता. गहू एका गावाहून दुसऱ्या गावी नेल्याने त्याचा एक दाणाही वाढत नाही, अशा आशयाचे उत्तर दादाभाईंनी दिले. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत वाहतूक व व्यापार या सेवाही धरल्या जातात, हे खरे. त्या कसोटीवर त्यांचा आकडा थोडा तोकडा ठरतो. पण मोठी गोष्ट अशी, की वाद आता आकड्यांवर आला. १८८२ मध्ये बेअरिंग व बार्बर यांनी सरकारतर्फे २७ रुपयांचा अंदाज केला, तर १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन ३० रुपयांवर आले. मधल्या काळात भाव किती चढले, हा दादाभाईंचा प्रश्न उरलाच.

त्यांची दृष्टी एकांगी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. सतीबंदी, शिक्षण, शांतता यांचे श्रेय ते इंग्रजांना मोकळेपणाने देत. जमेची बाजू लिहूनच खर्चाची लिहीत. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते पार्लमेंटवर निवडून आले, पुढे भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे सदस्य झाले, आणि तेथेही हाच हिशेब मांडत राहिले. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९४७ मध्ये राज्य पुन्हा बदलले. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, नव्या सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष, आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते.