डॉ. सालिम अली आणि माझी वही

आमच्या शाळेत पहाटे पी.टी.चा बिगुल वाजायच्या आधी सातभाई उठतात. मेसच्या मागे कडुलिंबाखाली त्यांचा असा कलकलाट चालतो की बिगुलाची गरजच पडू नये. सहावीत मी सांगली जिल्ह्यातून इथे राजस्थानात आलो तेव्हा कुणाचे बोलणे धड कळत नव्हते. पण या पक्ष्याला इथेही सातभाईच म्हणतात हे समजले आणि त्या दिवशी जरा बरे वाटले.

हा लेख डॉ. सालिम अलींवर आहे. पण मी त्यांच्यापर्यंत कसा पोचलो ते आधी सांगावे लागेल. मला विमान चालवायचे होते. गेल्या वर्षी डोळे तपासताना रंगीत ठिपक्यांचे पुस्तक समोर ठेवले गेले. इतरांना त्या ठिपक्यांत आकडे दिसत होते, मला बऱ्याच पानांवर नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा यांतला फरक माझ्या डोळ्यांना नीट कळत नाही, आणि ज्याला तो कळत नाही त्याला वैमानिक होता येत नाही. त्या आठवड्यात मी कुणाशी फारसे बोललो नाही. रविवारी घरी फोन केला, पण आईला सांगायचे टाळले.

जीवशास्त्राच्या सरांनी ग्रंथालयातून सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक काढून माझ्या हातात दिले. मला रागच आला. ज्याला रंग दिसत नाहीत त्याला रंगीत चित्रांचे पुस्तक! सरांनी सांगितले, चित्रे नंतर बघ, आधी या माणसाचे आयुष्य वाच.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. दहा भावंडांतले ते शेंडेफळ. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या भावंडांना वाढवले. मामा शिकारी होते. घरातली एअरगन घेऊन हा मुलगा चिमण्या टिपत असे. (रेंजवर पहिल्यांदा गेल्यावर आपल्यापैकी किती जणांनी तारेवरच्या कावळ्यावर मनातल्या मनात नेम धरला होता, ते मी इथे लिहीत नाही.)

एकदा टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. अशी चिमणी त्याने पाहिली नव्हती आणि मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन तो मुलगा बिचकत बिचकत साहेबासमोर उभा राहिला. मिलार्ड यांनी त्याला हसून वाटेला लावले नाही. ही पीतकंठी रानचिमणी आहे असे त्यांनी सांगितले आणि एकेक कपाट उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. पुढे वाचायला पुस्तकेही दिली. मला लाल-हिरव्याचा घोळ असला तरी पिवळा रंग स्वच्छ दिसतो, त्यामुळे ही चिमणी तरी आपल्याला ओळखता येईल एवढाच विचार तेव्हा माझ्या मनात आला.

यापुढचे आयुष्य सरळ नाही. शाळेत असताना डोकेदुखीने बेजार, म्हणून कोरड्या हवेसाठी काही महिने सिंधला पाठवणी. १९१३ साली कशीबशी मॅट्रिक. कॉलेज अर्ध्यावर सोडून ते ब्रह्मदेशात तवॉय येथे भावाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. तिथले जंगल त्यांना आवडले, धंदा मात्र चालला नाही. मुंबईला परतल्यावर हिशेबनिशी आणि व्यापारी कायदा शिकता शिकता सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झाले. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्ष्यांच्या जागेसाठी प्रयत्न केला, तर विद्यापीठाची पदवी नाही म्हणून नकार आला. पुढे भारतभर ज्यांचे नाव झाले त्या माणसाकडे साधी पदवी नव्हती, हे वाचून मी पान उलटून पुन्हा वाचले.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगण्याचे काम मिळाले. १९२८ साली रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. वय तेहतीस, हातात नोकरी नाही.

दोघे मग अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे पावसाळ्यात घराजवळच्या झाडावर सुगरणींनी खोपे बांधायला घेतले होते. सालिम अली रोज त्यांच्यासमोर बसून टिपणे काढू लागले. मराठी मुलांना बहिणाबाईंची सुगरणीवरची कविता ठाऊक असते, त्यामुळे खोपा बांधते ती मादी असे मीही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात विणकाम नराचे. गवताच्या आणि पात्यांच्या चिरफळ्या आणून तो अर्धा खोपा विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून, ओढून-ताणून पाहणी करतात. आमच्या हाऊस इन्स्पेक्शनपेक्षा ती कडक असावी, कारण पसंत न पडलेला खोपा तसाच लोंबकळत राहतो. मादीने पसंत केला तर ती तिथे राहते आणि नर उरलेले काम करून खाली लांब नळी विणतो. अंडी उबवण्याचे काम मादीचे. नर तेवढ्यात शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा क्रम त्यांनी दिवसांमागून दिवस बसून बघितला आणि सोसायटीच्या नियतकालिकात छापला. या लेखाने अभ्यासकांत त्यांचे नाव झाले. नोकरी टिकली असती तर किहीमचा तो पावसाळा त्यांना मिळाला असता का, मला शंका आहे.

नंतर त्यांनी संस्थानांना सुचवले की खर्च द्या, मी पगाराशिवाय तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करतो. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर अशा पाहण्या झाल्या. तंबूत, बैलगाडीच्या रस्त्यांवर तेहमिनाबाई बरोबर असत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. त्यांना मूल नव्हते. सालिम अलींनी पुन्हा लग्न केले नाही, ते बहिणीकडे राहू लागले. दोन वर्षांनी, १९४१ साली, माझ्या हातात आहे ते पुस्तक प्रसिद्ध झाले.

मोटारसायकलचे त्यांना वेड होते. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षिशास्त्रज्ञांची परिषद होती, तेव्हा त्यांनी आपली सनबीम बोटीने युरोपला नेली आणि तिच्यावरूनच परिषदेला गेले. वय त्रेपन्न. अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेला भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा हे सगळे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सापडेल.

गेल्या हिवाळ्यात आमची सहल भरतपूरला गेली. केवलादेव मंदिराजवळ दगडावर शिकारींच्या नोंदी कोरलेल्या आहेत. आमच्यातले काही जण आकडे मोठ्याने वाचत होते. १२ नोव्हेंबर १९३८ या तारखेसमोर व्हाइसरॉय लिनलिथगो यांचे नाव आणि एका दिवसात मारलेले पक्षी ४,२७३. तारीख ओळखीची वाटली म्हणून मी वही उघडून पाहिली. तो सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर हे पाणी शेतीसाठी वळवावे अशी मागणी झाली, तेव्हा पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ही जागा राखणाऱ्यांत ते होते. पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे कामही त्यांनी इथे वर्षानुवर्षे केले.

इथल्या एका गोष्टीत मात्र त्यांचा अंदाज चुकला असे मला वाटते. १९८२ साली इथली गुरांची चराई बंद झाली, आणि त्यांचाही कौल बंदीच्या बाजूने होता. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासात दिसले की म्हशी नसल्यामुळे गवत माजून उथळ पाणी झाकले जात आहे आणि त्याचा पक्ष्यांनाच त्रास होतो आहे. आमच्या रिक्षावाल्या काकांनी त्या म्हशींची आठवण काढली, तेव्हा सहलीतला गोंगाट थोडा वेळ थांबला होता. सालिम अली २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी वारले.

माझ्या वहीत शाळेच्या आवारातले ४७ पक्षी झाले आहेत. लालबुड्या बुलबुलाचे लाल बूड मला हिरव्या पानांत दिसत नाही, तो मी डोक्यावरच्या तुऱ्यावरून आणि आवाजावरून लिहितो. टिटवी, पिंगळा आणि शिक्रा डोळे मिटूनही ओळखतो. ऑब्स्टॅकल कोर्सच्या कडेला बाभळीवर गेल्या पावसाळ्यात सुगरणींचे अकरा खोपे होते, त्यांतले चार अर्धवट सोडलेले. एनडीएचा अर्ज मी भरला आहे, पहिली पसंती भूदल. आईलाही सांगून झाले. यंदा पावसाळ्यात मी इथे नसेन, म्हणून खोपे मोजायचे काम नववीतल्या एका कॅडेटला दिले आहे. तो सध्या साळुंकीला मैना म्हणतो, पण आवाज बरोबर ओळखतो.