दिवसातून दोनदाच जेवा सांगणारे डॉ. श्रीकांत जिचकार कोण होते?

चोपडा : सकाळी चहा-बिस्कीट, दहाला पोहे, दुपारी जेवण, चारला पुन्हा चहा आणि भजी, सहाला मुरमुरे, रात्री शेवभाजी. शहरातल्या अनेक घरांत तोंड दिवसभर चालूच असते. दुसरीकडे, दोनदाच जेवायचे असे ठरवून मधल्या वेळचे खाणे बंद केलेली माणसेही आता प्रत्येक गल्लीत भेटतात. हा प्रकार लोक दीक्षित डाएट म्हणून ओळखतात. त्याचे मूळ मात्र नागपूर जिल्ह्यातील डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानात आहे.

काटोलचा मुलगा, पदव्यांचा डोंगर

जिचकार यांचा जन्म १४ सप्टेंबर १९५४ रोजी काटोल तालुक्यातील आजनगाव येथे शेतकरी कुटुंबात झाला. नागपुरात त्यांनी एमबीबीएस आणि एमडी केले. पण ते दवाखाना थाटून बसले नाहीत. कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, संस्कृत असे एकामागून एक विषय घेत १९७३ ते १९९० या काळात त्यांनी विद्यापीठाच्या ४२ परीक्षा दिल्या आणि २० पदव्या मिळवल्या. देशातील सर्वाधिक शिकलेला माणूस अशी त्यांची ओळख झाली ती यामुळे.

१९७८ मध्ये ते आयपीएस झाले आणि राजीनामा दिला. १९८० मध्ये आयएएस झाले आणि काही महिन्यांतच तीही नोकरी सोडून निवडणुकीला उभे राहिले. पंचविशीतच ते काटोलचे आमदार झाले. पुढे राज्यात मंत्री, विधान परिषदेचे सदस्य आणि १९९२ ते १९९८ या काळात राज्यसभेचे खासदार होते. नागपुरात त्यांनी सांदीपनी शाळा काढली. रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता.

जेवणाबद्दल ते काय सांगत?

आरोग्यावरच्या व्याख्यानांत ते वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचा धडा सामान्य माणसाला समजेल असा सांगत. आपण काही खाल्ले की रक्तातील साखर वाढते. ती पेशींमध्ये पोहोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन जास्त असेपर्यंत शरीर चरबी साठवते, जाळत नाही. म्हणजे दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकणाऱ्याच्या शरीराला साठवलेली चरबी वापरायची वेळच येत नाही. यावर त्यांचा उपाय बिनखर्चाचा होता. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, तेव्हा पोटभर जेवा आणि मध्ये काही खाऊ नका.

ना औषध, ना पावडर, ना महागडी फळे. घरात असलेली भाकरी-भाजी, वरण-बट्टी चालत होती. बदलायचे होते ते फक्त खाण्याचे वेळापत्रक.

त्यांच्यानंतर काय झाले?

२ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ मोटार अपघातात जिचकार यांचा मृत्यू झाला. वय होते अवघे ४९. हा विचार गावोगावी पोहोचलेला त्यांना पाहता आला नाही. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण मात्र लोकांच्या हातून फिरत राहिले.

२०१२ च्या सुमारास ते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यापर्यंत पोहोचले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या दीक्षितांनी प्रयोग स्वतःवर केला, त्यांचे वजन उतरले आणि मग त्यांनी हाच विषय घेऊन राज्यभर व्याख्याने सुरू केली. जेवण ५५ मिनिटांत संपवणे, रोज ४५ मिनिटे चालणे, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा साखर-दूध नसलेला चहा एवढेच घेणे आणि सुरुवातीला रक्ताची तपासणी करणे, हे नियम या मोहिमेतून रुळले. दीक्षित आजही मूळ विचाराचे श्रेय जिचकारांना देतात.

विज्ञान काय म्हणते?

दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. चेक प्रजासत्ताकात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्याच कॅलरी सहा छोट्या खाण्यांत घेण्यापेक्षा दोन मोठ्या जेवणांत घेतल्यावर वजन जास्त उतरले. मात्र त्यातली दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते. रात्री उशिराचे ताट त्यात नव्हते.

चीनमधील ग्वांगझो येथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा होता. दोन्ही गटांना कॅलरी कमी दिल्या होत्या. त्यातील एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्ले. वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे वेळ पाळली तरी किती खाल्ले याचा हिशेब सुटत नाही.

दुसरा आक्षेप इन्सुलिनच्या गणिताबद्दल आहे. घासभर खाल्ले काय आणि ताटभर खाल्ले काय, इन्सुलिन सारखेच सुटते असा समज या व्याख्यानांतून पसरला. प्रत्यक्षात ते किती सुटेल हे काय खाल्ले आणि किती खाल्ले यावर ठरते. मूठभर शेंगदाणे आणि चार चमचे साखरेचा चहा एकसारखे नाहीत. अनेक आहारतज्ज्ञ थोडे-थोडे, वेळेवर खाण्याचाच सल्ला देतात तो यामुळेही.

आपल्याकडे काय लक्षात ठेवावे?

उपवास खान्देशाला नवा नाही. पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, केळीचे वेफर्स आणि दिवसभर गोड चहा म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. पोटाला विश्रांती मिळत नाही आणि स्टार्च, तेल, साखर मात्र वाढते. जिचकारांचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. जेवा नेहमीचेच, पण मधली वेळ खरोखर रिकामी ठेवा.

तापीकाठी केळी घरचीच असतात, म्हणून येता-जाता एखादे तोंडात जाते. दोन जेवणे पाळायची तर केळे ताटातच घ्यावे. मधुमेह असेल तर तेही डॉक्टरांना विचारून.

सर्वांत मोठा धोका औषधे चालू असलेल्यांना आहे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या आणि जेवण अचानक कमी करायचे, यातून रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे. असे झाले तर नियम बाजूला ठेवून लगेच साखर किंवा गूळ खावा आणि दवाखाना गाठावा. गर्भवती व स्तनदा माता, १८ वर्षांखालील मुले, टाइप १ मधुमेही आणि खूप अशक्त व्यक्तींनी हा प्रयोग स्वतःहून करू नये. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराची भूकही दुकानात बसणाऱ्यासारखी नसते.

जिचकार अपघातात गेले, त्यामुळे त्यांच्या आयुष्यावरून हा विचार खरा किंवा खोटा ठरवता येत नाही. तो ज्याने त्याने स्वतःच्या तपासणीवर ताडून पाहायचा आहे. सुरू करण्यापूर्वी एचबीए१सी, वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवा, डॉक्टरांशी बोला आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडे सुधारले तर पुढे चला. नाही सुधारले, तर वेळेबरोबर ताटही तपासा.