माळरानावरील यंत्रशाळा

यंत्रविद्या कोठे शिकावी असे विचारले, तर ती महाविद्यालयात शिकावी, असे उत्तर कोणीही देईल. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. ग्रंथांतून यंत्राचे तत्त्व कळते. त्याचा स्वभाव कळण्यासाठी मात्र हात तेलाने माखावे लागतात. ही गोष्ट स्वतःच्या आयुष्याने सिद्ध करणारे एक उद्योगी पुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. पण मुलाचे मन रमे ते चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांचा विरोध असतानाही, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर, १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे उत्तम गेली. पुढे आपल्या डोळ्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नाही, असे त्यांना आढळून आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. दुसरा एखादा खचून गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग बाजूस ठेवले व रेषा जवळ केली. ते यंत्रांची आरेखने शिकू लागले.

या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. ही संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. वर्गात ते आरेखन शिकवीत. आणि रिकामा वेळ मिळाला की कारखान्यांत जाऊन यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात व कशी दुरुस्त होतात, हे प्रत्यक्ष काम करून शिकत. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. हा अन्याय त्यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी नोकरी सोडली व ते बेळगावास आले.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी १८८८ पासून सायकलींचा व्यापार सुरू केला होता. पण परदेशी माल आणून विकण्यात लक्ष्मणरावांना समाधान नव्हते. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर खरवडतो; लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलथून टाकतो. परंतु लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर रागावले नाहीत. धीर धरून ते नांगरात सुधारणा करीत राहिले.

इतक्यात नवे संकट आले. गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम नगरपालिकेने दिला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकर जमीन व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाने भरलेले आणि सापांनी व्यापलेले ते माळरान होते! १९१० साली तेथे कारखाना उभा राहू लागला. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

पण कारखाना केवळ जागेने व पैशाने चालत नाही. त्याला कुशल माणसे लागतात. अशी माणसे त्या माळावर कोठून येणार? लक्ष्मणरावांनी ती तेथेच घडविली. त्यांचे सहकारी अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले होते. तेच पुढे कल्पक यंत्रज्ञ झाले. कारखान्यात आलेली साधी माणसे साचा भरणे, वितळलेले बीड ओतणे, फाळ घासून बसविणे ही कामे हळूहळू शिकली. साच्यात ओल राहिली तर ओतकाम फसते, माप केसभर चुकले तर भाग बसत नाही. हे धडे फळ्यावरचे नव्हते, भट्टीजवळचे होते. दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला. त्यांना पहारेकरी नेमले. त्या माणसांनीही तो विश्वास सार्थ केला.

म्हणून लक्ष्मणरावांना शास्त्रीय शिक्षणाचे महत्त्व वाटत नव्हते, असे मात्र समजू नये. अनुभवाने आलेली विद्या एका मर्यादेवर थांबते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचे पुत्र शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेत यंत्रशास्त्र शिकण्यास गेले व १९२६ मध्ये पदवी घेऊन परतले. हाताचे कसब आणि ग्रंथातील शास्त्र यांची अशी सांगड पडल्यामुळे नांगरापासून सुरू झालेला हा उद्योग पंप व तेलावर चालणाऱ्या इंजिनांपर्यंत पोहोचला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला. ज्या शिक्षकास एका संस्थेने बढती नाकारली, त्याने पुढे एका उजाड माळालाच शाळा बनविले. त्या शाळेला वर्ग नव्हते व पदव्याही नव्हत्या. पण तेथून बाहेर पडलेला प्रत्येक नांगर म्हणजे तेथील शिक्षणाची परीक्षाच होती, आणि ती परीक्षा शेतकऱ्याच्या शेतात होत असे.