डॉ. आनंदराव नायर : आईच्या नावाचे रुग्णालय आणि गरिबाची दाढ

मुंबई सेंट्रल स्टेशनाजवळच्या एका रस्त्याला डॉ. आनंदराव नायर मार्ग म्हणतात. नायर रुग्णालय, नायर दंत महाविद्यालय आणि आनंद विहार ही तिन्ही ठिकाणे याच परिसरात आहेत. नवीन पनवेलहून दात दाखवायला जाणारी आपली माणसे हा रस्ता ओळखतात. पण हे नायर कोण, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. ते बौद्ध होते, हे तर आपल्या समाजातही फार थोड्यांना माहीत आहे.

डॉ. आनंदराव लक्ष्मण नायर शिक्षणाने डॉक्टर आणि व्यवसायाने उद्योजक. औषधे व शस्त्रक्रियेची उपकरणे विकणाऱ्या मुंबईतील एन. पॉवेल कंपनीचे ते मालक होते. दवाखान्यातली एकेक वस्तू केवढ्याला पडते आणि ती गरिबापर्यंत का पोहोचत नाही, हे त्यांना दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच कळत असणार, असे आम्हांला वाटते. मिळवलेला पैसा त्यांनी रुग्णालयात घातला. त्या रुग्णालयाला स्वतःचे नाव दिले नाही, आईचे दिले. बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर धर्मादाय रुग्णालय हे त्याचे पूर्ण नाव. लोक नुसते ‘नायर’ म्हणतात आणि त्यात एका बाईचे नाव आहे हे विसरून जातात.

काळ असहकाराचा होता. सरकारी महाविद्यालयांवर बहिष्कार घालून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९२१ साली मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. विद्यार्थी होते, शिक्षक होते, पण रोग्यांच्या खाटांशिवाय डॉक्टर तयार होत नाही. ती गरज डॉ. नायर यांच्या रुग्णालयाने भागवली. पुढे टोपीवाला देसाई यांच्या देणगीनंतर महाविद्यालयाला टोपीवालांचे नाव जोडले गेले आणि १९४६ साली महाविद्यालय व रुग्णालय मुंबई महापालिकेकडे आले. या घटनेचे मोल आम्हांला सर्वांत जास्त वाटते. दात्याच्या मर्जीवर चालणारा दवाखाना त्या दिवसापासून नागरिकाच्या हक्काचा झाला. धर्मादाय म्हणजे कोणीतरी दिले म्हणून मिळाले. महापालिकेचे म्हणजे आपण कर भरतो म्हणून मिळाले.

धम्माच्या बाजूने पाहिले तर डॉ. नायर मुंबईच्या बुद्ध सोसायटीचे अध्यक्ष होते आणि आनंद विहारामागेही तेच होते. आपल्याकडे मुंबईतील बौद्ध चळवळीचा इतिहास अनेकदा १९५६ पासून सुरू केला जातो. त्याआधी परळला धर्मानंद कोसंबींचा बहुजन विहार होता आणि इकडे नायरांचा आनंद विहार. तेव्हाचे हे वर्तुळ छोटे होते, शिकलेल्यांचे होते, आणि खेड्यापाड्यातल्या अस्पृश्य समाजापासून दूर होते हेही खरे. बाबासाहेबांच्या धर्मांतराची सर त्याला नाही. पण विहार आणि रुग्णालय एकमेकांच्या शेजारी उभे करणारा माणूस आपण विसरावा, इतका तो परका नाही.

दंत महाविद्यालय सुरू झाले १९३३ साली, येवल्याच्या घोषणेच्या दोन वर्षे आधी. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले होते. नायरचे नावही देशातल्या अगदी सुरुवातीच्या दंत महाविद्यालयांत येते. त्या काळी दंतवैद्यांची नोंदणी करणारा देशव्यापी कायदाच नव्हता, तो आला १९४८ मध्ये. गोरगरीब रस्त्यावर पथारी टाकून बसणाऱ्याकडून दात उपटून घेत. नाहीतर लवंग दाबून रात्र काढत.

लवंग अजून सुटलेली नाही. नवीन पनवेलच्या वस्त्यांत आम्ही काम करतो तिथे मिश्री लावणाऱ्या बायका घरोघर भेटतात. हिरड्या सुटलेल्या, दाढ किडलेली, एका बाजूने जेवायची सवय झालेली. दात दुखणे हे त्यांच्या लेखी आजारपणच नसते. खासगी दवाखान्यात रूट कॅनाल आणि वर टोपी म्हटले की काही हजारांचा खर्च येतो, म्हणून दाढ वाचण्यासारखी असली तरी काढूनच टाकायला सांगतात. ज्याच्याकडे पैसे त्याची दाढ वाचते, इतका सरळ हिशेब आहे. तंबाखूने तोंडात पडलेला पांढरा चट्टा वेळेवर कोणी पाहत नाही, ही त्याहून गंभीर बाब. सरकारी विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतात आणि दातांचे बहुतेक काम खुर्चीवर बसून, त्याच दिवशी घरी जाऊन होते. त्यामुळे ते योजनेच्या बाहेरच राहते.

आता अंतर बघा. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रल. नायरला कमी पैशांत काम होते, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली नीट करतात, कवळीपासून कर्करोगात काढलेल्या जबड्याच्या जागी बसवायच्या भागापर्यंत सगळे होते. पण एका दाढेला चार खेपा लागल्या तर धुणीभांडी करणाऱ्या बाईचे चार खाडे होतात. दाढ स्वस्त पडते, खाडे महाग पडतात. आणि गंमत अशी की, आपल्याच पट्ट्यात कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ या चारही ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. तिथेही शिकाऊ डॉक्टरांकडून बाजारापेक्षा कमी दरात उपचार होतात, त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र ती सगळी खासगी संस्थांची आहेत. नायरसारखे महापालिकेचे त्यांत एकही नाही.

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी झाली. तोवर सिडकोकडे बोट दाखवायची सोय होती, आता नाही. नागरी आरोग्य केंद्रात लसीकरण होते, गरोदर मातांची तपासणी होते. तिथे दातांची खुर्ची, रोज बसणारा दंतचिकित्सक आणि फक्त दाढ काढण्यापुरते नव्हे तर दाढ भरण्याचे, रूट कॅनालचे साहित्य हवे. केंद्राची वेळ संध्याकाळीही हवी, म्हणजे खाडा पडणार नाही. जवळच्या दंत महाविद्यालयांशी करार करून त्यांचे विद्यार्थी आठवड्याचे ठरावीक दिवस वस्तीत आणता येतील. १४ एप्रिलला आपली मंडळे दंत तपासणी शिबिरे घेतात, टूथपेस्ट वाटतात. ते चांगलेच आहे. पण शिबिरात किडलेली दाढ सापडते आणि शिबिर उठल्यावर ती बाई जाणार कुठे, हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. यंदा मंडळांनी तपासलेल्यांची यादी, कोणाला कोणता उपचार लागतो या नोंदीसह, महापालिकेच्या आरोग्य विभागात द्यावी आणि पोहोच घ्यावी. विहारातली महिला मंडळे ही यादी दोन रविवारांत करू शकतात. नवीन पनवेलमध्ये आम्ही ती करायला घेतली आहे.